मूलाधार ते मॅनोमीटर : योगविद्येची मराठी वाटचाल

गणेशोत्सवाच्या दहा दिवसांत आपण रोज अथर्वशीर्ष म्हणतो. सामूहिक आवर्तने असली की लहानथोर सगळे मांडी घालून बसतात आणि एका सुरात पाठ चालतो. त्या पाठात श्रीगणेशाचा नित्य निवास मूलाधारचक्रात असल्याचे सांगितले आहे आणि योगीजन त्याचेच ध्यान करतात, असेही म्हटले आहे. हे शब्द आपल्या तोंडून वर्षानुवर्षे जात आले आहेत. पण मूलाधार म्हणजे काय, योगी करतात ते नेमके काय आणि त्याचा तुमच्याआमच्या गुडघेदुखीशी किंवा रक्तदाबाशी संबंध काय, हे विचारायचे बहुधा राहूनच जाते. यंदाच्या स्मरणिकेसाठी योगावर काही लिहावे असे मंडळाने सुचवले, तेव्हा हाच धागा धरावा असे मला वाटले.

योगावरची पुस्तके घरोघर आहेत. दूरदर्शनच्या वाहिन्यांवर पहाटेपासून योग चालू असतो. त्यामुळे आसनांची यादी देऊन पाने भरण्यात अर्थ नाही. मला सांगायचे आहे ते वेगळे आहे. आज आपण ज्याला योग म्हणतो, म्हणजे सतरंजी अंथरून, शिक्षकांच्या सूचनेनुसार, सर्वांनी मिळून करायचा आरोग्यासाठीचा योग, त्याचा फार मोठा भाग गेल्या सव्वाशे वर्षांत घडला. आणि तो ज्या थोड्या ठिकाणी घडला, त्यांत लोणावळा, औंध, मुंबई, पुणे, नागपूर ही आपल्या माहेरची गावे आहेत. त्या घडणीच्या मुळाशी एका मराठी शाळामास्तरांनी विचारलेला एक साधा प्रश्न होता : हे खरे कशावरून?

योग म्हणजे नुसती आसने नव्हेत

आधी थोडे मुळाकडे जाऊ या. ‘युज्’ म्हणजे जोडणे या धातूपासून योग शब्द आला, हे आपण शाळेत शिकलो. याच धातूचा एक अर्थ समाधी असाही आहे आणि भाष्यकारांनी पतंजलींच्या योगाला तोच लावला. त्यांची योगसूत्रे दोनशेहून कमी आहेत आणि ती समाधी, साधन, विभूती आणि कैवल्य अशा चार पादांत विभागली आहेत. यम, नियम, आसन, प्राणायाम, प्रत्याहार, धारणा, ध्यान आणि समाधी ही आठ अंगे आपल्याला ठाऊक आहेत. पण एक गोष्ट सहसा लक्षात येत नाही. एवढ्या ग्रंथात आसनाविषयी सूत्रे आहेत ती अवघी तीन. बसणे स्थिर असावे, सुखाचे असावे, एवढाच त्यांचा मथितार्थ. सर्वांगासन, हलासन, धनुरासन यांचा तेथे पत्ताही नाही.

शरीराला वाकवणारा, पिळणारा, श्वास कोंडणारा योग आला तो हठयोगाच्या परंपरेतून. पंधराव्या शतकाच्या सुमारास स्वात्मारामाने लिहिलेल्या हठयोगप्रदीपिकेत पंधरा आसनांचे वर्णन आहे. त्यानंतरच्या घेरंडसंहितेत ही संख्या बत्तीस झाली. म्हणजे आसनांची शेकडोंची यादी ही पुढच्या काळातली वाढ आहे. हे सांगण्यात योगाला कमी लेखण्याचा हेतू नाही. जिवंत विद्या वाढतच असते.

ज्ञानोबांच्या घरातला योग

हठयोगाची ही परंपरा नाथपंथीयांची. मत्स्येंद्रनाथ, गोरक्षनाथ, गहिनीनाथ, निवृत्तिनाथ आणि मग ज्ञानेश्वर, अशी गुरुपरंपरा माउलींनी स्वतःच सांगितली आहे. शके १२१२, म्हणजे इसवी सन १२९० मध्ये नेवाशाला ज्ञानेश्वरी पूर्ण झाली. तिच्या सहाव्या अध्यायात आसन कसे घालावे, मूळबंध, जालंधर आणि वोढियाणा हे तीन बंध कसे लागतात आणि मूलाधारी निजलेली कुंडलिनी कशी जागी होते, याचे तपशीलवार वर्णन आहे. देवगिरीच्या यादवांच्या काळात, संस्कृत न येणाऱ्या सामान्य माणसाला कळेल अशा भाषेत ही गुह्य विद्या उघडी करणे हे केवढे धाडस होते!

मात्र पुढे बाराव्या अध्यायात माउलींनी याच वाटेचे कष्टही सांगितले आणि भक्तीची सोपी वाट दाखवली. मराठी माणसाने ती सोपी वाट धरली. घरोघर हरिपाठ गेला, कुंडलिनी गेली नाही. योग मठात, गुहेत, नदीकाठच्या साधूंकडे राहिला आणि त्याच्याभोवती भीती व चमत्कार यांचे वलय वाढत गेले. वाचकांनी ‘वोढियाणा’ हा शब्द मात्र ध्यानात ठेवावा. हाच हठयोगातला उड्डियान बंध. सहाशे वर्षांनी त्याची गाठ क्ष-किरणांशी पडायची होती.

१८९३ आणि आपला छत्तीसगड

१८९३ हे वर्ष आपल्याला लोकमान्य टिळकांमुळे आणि सार्वजनिक गणेशोत्सवामुळे पाठ आहे. त्याच वर्षी सप्टेंबर महिन्यात स्वामी विवेकानंद शिकागोच्या सर्वधर्म परिषदेत बोलले. इकडे घरातला गणपती चौकात आला आणि तिकडे मठातला वेदान्त जगाच्या व्यासपीठावर गेला. पुढे १८९६ मध्ये स्वामीजींचा ‘राजयोग’ हा ग्रंथ आला आणि इंग्रजी वाचणाऱ्या जगाला पतंजली नव्याने माहीत झाले. स्वामीजींचा भर ध्यानावर होता. हठयोगातील शरीरक्रियांना त्यांनी फारसे महत्त्व दिले नाही.

येथे आपल्या छत्तीसगडचा एक अभिमानाचा उल्लेख करायलाच हवा. १८७७ मध्ये, चौदा वर्षांचे असताना, नरेंद्र आपल्या कुटुंबासह रायपूरला आले आणि सुमारे दोन वर्षे तेथे राहिले. तेव्हा रायपूरपर्यंत रेल्वे नव्हती. जंगलातून बैलगाडीचा लांबचा प्रवास करावा लागला. त्या प्रवासात डोंगराच्या कपारीतले प्रचंड मोहोळ पाहता पाहता मुलाचे देहभान हरपले, असे त्यांचे चरित्रकार सांगतात. रायपूरच्या विमानतळाला २०१२ मध्ये स्वामीजींचे नाव दिले गेले, त्यामागे हा इतिहास आहे.

औंधचे नमस्कार

विवेकानंदांनी ध्यान जगापुढे नेले. शरीराची बाजू उचलली ती आपल्या सातारा भागातल्या एका संस्थानिकांनी. औंधचे राजे भवानराव श्रीनिवासराव पंतप्रतिनिधी हे १९०९ मध्ये गादीवर बसले. चित्रकार, कीर्तनकार आणि व्यायामाचे वेडे असे हे राजे. सुरुवातीला ते युरोपातल्या सँडोच्या पद्धतीने डंबेल्स उचलत. पुढे ते सोडून त्यांनी सूर्यनमस्कार धरले आणि जन्मभर सोडले नाहीत. आपल्या संस्थानातल्या शाळांत त्यांनी नमस्कार सक्तीचे केले. मुलींनाही त्यातून वगळले नाही. मराठीत पुस्तक लिहिले, इंग्रजीत लिहिले आणि १९३८ मध्ये त्यांचे सूर्यनमस्कारांवरचे पुस्तक लंडनहून प्रसिद्ध झाले.

सूर्यनमस्कार हा हठयोगाच्या जुन्या ग्रंथांतला आसनप्रकार नव्हे. महाराष्ट्रात तो तालमीतला, उपासनेतला, समर्थांच्या नावाशी जोडलेला व्यायाम होता. औंधकरांनी त्याला शिस्त दिली, आकडे दिले, शाळेचे पटांगण दिले. आज जगभर योगाच्या वर्गाची सुरुवात बहुतेक ठिकाणी नमस्कारांनी होते. त्यातल्या किती जणांना औंध हे नाव ठाऊक असेल?

याच काळात विदर्भात अमरावतीला वैद्य बंधूंनी १९१४ मध्ये श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाची मुहूर्तमेढ रोवली आणि १९३६ मध्ये तेथले पथक बर्लिनच्या ऑलिंपिकच्या वेळी देशी व्यायाम व खेळांची प्रात्यक्षिके करून आले. सांगायचे तात्पर्य, योगाचे बी पडण्यासाठी जमीन आधीच नांगरलेली होती.

अमळनेरचे मास्तर

आता मुख्य कथा. जगन्नाथ गणेश गुणे यांचा जन्म ३० ऑगस्ट १८८३ रोजी बडोदे संस्थानातील डभोई येथे झाला. परिस्थिती बेताची, बुद्धी तल्लख. मॅट्रिकला संस्कृतची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती त्यांनी मिळवली. बडोद्यात राजरत्न माणिकराव यांच्या आखाड्यात १९०७ ते १९१० अशी तीन वर्षे त्यांनी देशी व्यायामाचे शिक्षण घेतले. लोकमान्य टिळक आणि अरविंद घोष यांच्या विचारांनी भारलेली ती पिढी. गुण्यांनी आजन्म ब्रह्मचर्याचे व देशसेवेचे व्रत घेतले आणि खानदेशात अमळनेरला शिक्षक म्हणून गेले. पुढे तेथल्या राष्ट्रीय महाविद्यालयाचे ते प्राचार्य झाले.

१९१९ मध्ये नर्मदाकाठी मालसर येथे परमहंस माधवदासजी या वृद्ध योग्यांची आणि त्यांची भेट झाली. गुरूंनी त्यांना योगक्रिया शिकवल्या. येथपर्यंतची कथा आपल्याकडच्या शेकडो साधकांसारखीच आहे. वेगळेपण यापुढे आहे. गुण्यांनी गुरूवर पूर्ण श्रद्धा ठेवली, पण क्रियांचे जे स्पष्टीकरण परंपरेने दिले जात होते, ते तसेच स्वीकारले नाही. ते तपासायचे त्यांनी ठरवले.

उड्डियान बंधाचेच उदाहरण घेऊ. श्वास पूर्ण बाहेर सोडायचा, तो बाहेरच रोखायचा आणि आत हवा न घेता छाती फुगवल्यासारखी करायची. मग पोट आत ओढले जाऊन पाठीला लागल्यासारखे दिसते. याच स्थितीत पोटाचे मधले स्नायू पुढे काढून फिरवले की झाली नौली. नौली करणारा योगी पाण्यात बसून बस्तिक्रियेने गुदद्वारावाटे पाणी आत ओढून घेतो, असे ग्रंथांतून सांगितले जाई आणि त्याचे श्रेय अपान वायूच्या सामर्थ्याला दिले जाई. गुण्यांनी १९२०-२१ च्या सुमारास बडोद्याच्या रुग्णालयात आपल्या विद्यार्थ्यांवर याचे प्रयोग केले. क्ष-किरणांनी छायाचित्रे घेतली आणि दाब मोजण्यासाठी मॅनोमीटर लावला. नौली करताना मोठ्या आतड्यातला दाब बाहेरच्या हवेच्या दाबापेक्षा खाली उतरतो, म्हणजे आत अंशतः निर्वात स्थिती तयार होते आणि म्हणून पाणी वर चढते, असे आढळले. पारा खाली गेला, कोडे सुटले. या निर्वाताला त्यांनी आपल्या गुरूंचे, माधवदासांचे नाव दिले.

मी स्वतः प्लांटमध्ये इन्स्ट्रुमेंटेशनचे काम केले. जन्म प्रेशर गेजचे काटे वाचण्यात गेला. त्यामुळे असेल कदाचित, पण ही हकीकत मी प्रथम वाचली तेव्हा मला अतिशय आनंद झाला. ज्ञानेश्वरीतला वोढियाणा आणि आपला मॅनोमीटर एका खोलीत आले होते. त्यात श्रद्धेचा अपमान झाला नाही. उलट गुरूचे नाव एका मोजलेल्या गोष्टीला मिळाले. गुरुदक्षिणा याहून मोठी काय असू शकते?

लोणावळ्याची प्रयोगशाळा

गुणे पुढे स्वामी कुवलयानंद म्हणून ओळखले जाऊ लागले. १९२४ च्या ऑक्टोबरात त्यांनी लोणावळ्याला कैवल्यधाम आश्रम स्थापन केला आणि त्याच वर्षी ‘योगमीमांसा’ हे इंग्रजी त्रैमासिक सुरू केले. आश्रम म्हटला की प्रवचने आणि भंडारे डोळ्यांपुढे येतात. येथे पहिल्यापासून प्रयोगशाळा होती. सर्वांगासनात रक्तदाब किती वाढतो, प्राणायामात किती हवा आत-बाहेर होते, याचे आकडे कोष्टकांसह छापले जात.

यातली एक गोष्ट मला सर्वांत मोलाची वाटते. प्राणायामाने शरीराला भरपूर ऑक्सिजन मिळतो, हा समज त्या काळी होता आणि आजही आहे. कुवलयानंदांनी मोजून पाहिले. तसे काही विशेष आढळले नाही, तेव्हा त्यांनी ते स्पष्ट लिहिले. प्राणायामाची थोरवी ऑक्सिजनच्या हिशेबात शोधू नये, ती मज्जासंस्थेवरच्या परिणामात आणि मनाच्या स्थैर्यात आहे, असे त्यांचे म्हणणे होते. योगाचा प्रचार हेच ज्यांचे जीवनकार्य, त्यांनी योगाच्या बाजूने जाणारा एक लोकप्रिय दावा स्वतःच खोडून काढावा, याला मी खरे सत्यव्रत म्हणतो. यम-नियमांतले सत्य ते हेच.

१९२७ मध्ये महात्मा गांधी आजारी होते, तेव्हा त्यांनी आसनांबाबत कुवलयानंदांशी पत्रव्यवहार करून सल्ला घेतला. मुंबई प्रांताच्या शारीरिक शिक्षणाच्या आखणीतही स्वामीजींचा हात होता. माणिकरावांच्या आखाड्यात शिकलेली सांघिक शिस्त त्यांनी योगाला लावली आणि ‘यौगिक संघ व्यायाम’ ही पद्धत तयार केली. आकड्यांवर, एका तालात, शंभर जणांनी मिळून करायची आसने ही कल्पना आज आपल्याला अगदी साधी वाटते. पण त्याआधी योग हा गुरूने शिष्याच्या कानात सांगायचा विषय होता. १९३० च्या दशकात म्हैसूरहून टी. कृष्णम्माचार्यही लोणावळ्याचे काम पाहून गेले. अय्यंगार आणि पट्टाभी जोईस हे दोघे जगप्रसिद्ध योगाचार्य त्यांचेच शिष्य.

चमत्कारांची तपासणीही लोणावळ्यात झाली. १९५७ मध्ये वेंगर आणि बागची हे दोन शास्त्रज्ञ अमेरिकेतून उपकरणे घेऊन भारतात आले. हृदय थांबवून दाखवतो म्हणणाऱ्या योग्यांच्या चाचण्या त्यांनी लोणावळा, मद्रास व दिल्ली येथे घेतल्या. मनगटाची नाडी लागेनाशी होई हे खरे, पण ईसीजीवर हृदय चालूच असल्याचे दिसे. छातीतला दाब वाढवून हृदयाकडे येणारे रक्त कमी केले की नाडी हाताला लागत नाही, एवढेच ते होते. कैवल्यधामाने अशा तपासणीला दार उघडे ठेवले, यातच त्या संस्थेचा मोठेपणा आहे. १८ एप्रिल १९६६ रोजी कुवलयानंदांचे निधन झाले. कैवल्यधामाने २०२४ मध्ये शंभरी गाठली.

पद्धती अनेक, मूळ एक

आज योगाच्या इतक्या पद्धती ऐकू येतात की नवखा माणूस गोंधळून जातो. आपल्या परिसराशी नाते असलेल्या काही पद्धतींची तोंडओळख करून देतो.

माधवदासजींचे दुसरे शिष्य मणिभाई देसाई, म्हणजेच श्री योगेंद्र. हे गुजराती गृहस्थ मुंबईत सेंट झेवियर्सचे विद्यार्थी होते. २५ डिसेंबर १९१८ रोजी त्यांनी वर्सोव्याला द योगा इन्स्टिट्यूट सुरू केली. पुढे ती सांताक्रूझला आली. संन्याशाचा योग संसारी माणसाला कसा झेपेल, हा त्यांचा ध्यास. त्यांच्या पत्नी सीतादेवी यांनी १९३४ मध्ये खास स्त्रियांसाठी योगाचे पुस्तक लिहिले. सोपी आसने, श्वास, आहार आणि दिनचर्या हे या पद्धतीचे सूत्र. साठी ओलांडलेल्यांना ही पद्धत मानवते.

दुसरी पद्धत पुण्याची. बी. के. एस. अय्यंगार यांचा जन्म १९१८ मध्ये कर्नाटकातील बेल्लूरचा. लहानपणी क्षयासकट अनेक आजारांनी गांजलेला हा मुलगा १९३७ मध्ये, डॉ. गोखले या मराठी शल्यचिकित्सकांच्या पुढाकाराने, डेक्कन जिमखान्यावर योग शिकवायला आला. बोलीने आला होता सहा महिन्यांच्या आणि राहिला जन्मभर. १९५२ मध्ये व्हायोलिनवादक यहुदी मेन्युहिन यांची भेट झाली आणि परदेशाची दारे उघडली. १९६६ मध्ये आलेले त्यांचे इंग्रजी पुस्तक मराठीत ‘योगदीपिका’ म्हणून आपण वाचतो. १९७५ मध्ये पुण्यात त्यांची संस्था उभी राहिली. आसनातली प्रत्येक हाडाची, सांध्याची रेषा अचूक असावी हा त्यांचा आग्रह. ज्याला ते जमत नाही त्याच्यासाठी भिंत, दोर, पट्टा, लाकडी ठोकळा, लोड यांचा आधार. आजारी, स्थूल, वयस्क माणसालाही यामुळे आसनाचा लाभ मिळू लागला. २०१४ मध्ये त्यांना पद्मविभूषण मिळाले आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये त्यांचे निधन झाले.

तिसरी पद्धत आपल्यातल्या वैदर्भीय मंडळींना अगदी घरची. नागपूरला रामनगरात जनार्दन स्वामींनी योगाभ्यासी मंडळ उभे केले. मूळचे कोकणातले हे संन्यासी नागपूरकरांनी आपले मानले. कोणीही यावे, मोबदला न देता शिकावे आणि शिकलेल्याने दुसऱ्याला शिकवावे, ही त्यांची रीत. त्यांचे ‘सुलभ सांघिक आसने’ हे पुस्तक भिलाईतल्या कित्येक मराठी घरांत नागपूरहून येताना पिशवीतून आले असेल. योग विकत घ्यायची वस्तू नाही, हा धडा या मंडळाने दिला.

चौथी पद्धत मुंगेरच्या बिहार योग विद्यालयाची. स्वामी सत्यानंद सरस्वतींनी १९६० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत ती सुरू केली. योगनिद्रा घराघरात पोचली ती प्रामुख्याने त्यांच्यामुळे. आणि त्यांची गादी चालवणारे स्वामी निरंजनानंद सरस्वती यांचा जन्म १९६० मध्ये आपल्या शेजारच्या राजनांदगावचा! आपल्या गाडीत डोंगरगड गेले की आपण सामान आवरायला घेतो, आणि त्यानंतरचे जे स्टेशन खिडकीतून मागे टाकतो, तेच हे गाव.

यांखेरीज अष्टांग विन्यास, विपश्यनेचे ध्यान, सुदर्शन क्रिया असे प्रकार आहेत. कोणती पद्धत श्रेष्ठ, हा वाद निरर्थक आहे. आपले वय, प्रकृती आणि जवळ मिळणारा जाणता शिक्षक, या तीन गोष्टींवर निवड करावी.

लाभ कोणते, आणि किती

आता सर्वांच्या जिव्हाळ्याचा प्रश्न. योगाने फायदा काय? येथे मी कुवलयानंदांचीच कसोटी लावतो. मोजले गेले आहे तेवढेच सांगतो.

मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉ. के. के. दाते यांनी कैवल्यधामाच्या विनेकर यांच्या सहकार्याने रक्तदाबाच्या ४७ रुग्णांना शवासन शिकवले. १९६९ मध्ये त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. अनेकांचा दाब उतरला, अनेकांना औषधाची मात्रा कमी पुरली, काहींना मात्र फारसा उपयोग झाला नाही. अय्यंगार पद्धतीच्या आसनांनी मनगटाच्या नसेवरील दाबाच्या दुखण्यात आराम पडल्याचा एक अभ्यास १९९८ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झाला. जुनाट कंबरदुखीत औषधाआधी करून पाहावयाच्या उपायांत तेथल्या डॉक्टरांच्या संघटनेने २०१७ मध्ये योगाचा समावेश केला. स्नायूंची लवचिकता, तोल, झोप आणि मनावरचा ताण यांत नियमित अभ्यासाने फरक पडतो, असे अनेक अभ्यासांत दिसले आहे. १९८४ मध्ये राकेश शर्मा सोविएत यानातून अंतराळात गेले, तेव्हा तेथे त्यांनी योगाभ्यासाचे प्रयोग केले, हे रशियन तंत्रज्ञांबरोबर काम केलेल्या आपल्या ज्येष्ठ सहकाऱ्यांना आठवत असेल.

हा लाभ थोडा नाही. पण योगाने मधुमेह मुळापासून जातो, कर्करोग बरा होतो, गोळ्या फेकून द्या, असे जे सांगितले जाते त्याला असा आधार नाही. आमच्या परिचयातल्या एका निवृत्त सहकाऱ्यांनी एका शिबिरानंतर साखरेच्या गोळ्या आपल्या मनानेच बंद केल्या. आसने ते मन लावून करीत होते. वजनही थोडे उतरले होते. दोन महिन्यांनी पायाची जखम चिघळली आणि रुग्णालय गाठावे लागले. पायाचे बोट गेले. यात दोष योगाचा नव्हता. योगाच्या नावाने जे अधिकचे सांगितले गेले, त्याचा होता. गेजचा काटा दाखवतो त्यापेक्षा जास्त रीडिंग रजिस्टरमध्ये लिहिले तर काय होते, हे प्लांटच्या माणसाला समजावून सांगायला नको.

भिलाईकरांसाठी चार गोष्टी

४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते पहिली धमनभट्टी सुरू झाली, तेव्हापासून या गावाचे घड्याळ शिफ्टचे आहे. पहाटे उठून योग करा, हा उपदेश नाईट करून सकाळी घरी येणाऱ्याला लागू पडत नाही. त्याने आधी झोपावे. झोप झाल्यावर, पोट रिकामे असताना, म्हणजे जेवणानंतर तीन-चार तासांनी केव्हाही अभ्यास करावा. वेळ बदलली तरी चालेल, नेम मोडू नये.

भट्टीजवळ उष्णतेत काम करून आल्यावर लगेच कपालभाती किंवा भस्त्रिका करू नये. पाणी प्यावे, अंग निवू द्यावे, मग दहा मिनिटे शवासन करावे. उभ्याने ड्यूटी करणाऱ्यांनी पाय भिंतीला उंच लावून पडून राहावे. त्यात आराम मिळतो.

ज्यांना रक्तदाब, काचबिंदू, हर्निया किंवा मानेचे दुखणे आहे त्यांनी शीर्षासन-सर्वांगासनाच्या वाटेला डॉक्टरांना विचारल्याशिवाय जाऊ नये. अल्सर, हृदयविकार असणाऱ्यांनी आणि गरोदर स्त्रियांनी उड्डियान व नौली करू नये. सूर्यनमस्कार तीनपासून सुरू करून हळूहळू वाढवावेत. पहिल्याच दिवशी बारा घालून तिसऱ्या दिवशी सोडण्यापेक्षा ते बरे. आणि औषध कमी करायचे की नाही हे तपासणीचे आकडे पाहून डॉक्टरांनी ठरवायचे असते, आपण नव्हे.

शेवटची गोष्ट घरच्यांसाठी. पुष्कळदा पुरुषमंडळी बागेत जाऊन योग करतात आणि घरातली गृहिणी तेवढ्या वेळात डबे भरते. औंधच्या राजांनी मुलींना आणि सीतादेवींनी स्त्रियांना योगात आणले, त्याला आता नव्वदहून अधिक वर्षे झाली. आपल्या घरातही अर्धा तास तिच्यासाठी काढता आला पाहिजे.

उपसंहार

११ डिसेंबर २०१४ रोजी संयुक्त राष्ट्रसंघाने योगदिनाचा ठराव केला. १७७ देश त्याचे सहप्रस्तावक होते. २०१५ पासून २१ जूनला जगभर योगदिन साजरा होतो. शेकडो लोक एका मैदानात, एका सूचनेवर हात वर करतात, ते पाहून ऊर भरून येतो. त्या दृश्यात औंधचे पटांगण आहे, बडोद्याचा आखाडा आहे, लोणावळ्याचा संघ व्यायाम आहे आणि नागपूरचे मोफत वर्गही आहेत. पण मैदानातली गर्दी दुसऱ्या दिवशी पांगते. कुवलयानंदांनी दिलेल्या दोन गोष्टी मात्र रोजच्या आहेत : नेमाने करणे, आणि जेवढे अनुभवाला व मोजमापाला उतरले तेवढेच बोलणे.

गणपती ही बुद्धीची देवता आहे. अथर्वशीर्षात मूलाधारी त्याचा निवास सांगितला आहे आणि त्याच पाठात त्याला ज्ञानमय, विज्ञानमयही म्हटले आहे. मूलाधार आणि विज्ञान या दोन्ही जागी तोच बसलेला असेल, तर श्रद्धा आणि परीक्षा यांत भांडण कशाला? यंदा अथर्वशीर्षाला बसाल तेव्हा पाठ ताठ ठेवा, श्वास संथ ठेवा आणि विसर्जनानंतरही ते बसणे चालू ठेवा. मंडळाच्या सर्व सभासदांना व त्यांच्या कुटुंबीयांना श्रीगजानन निरामय आरोग्य देवो, हीच प्रार्थना.

गणपती बाप्पा मोरया!